नुकतं बांधलेलं इंजिन स्टार्ट होत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझे वडील लालबागला राहून टॅक्सी चालवायचे. प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली. तिचं १०८९ सीसीचं इंजिन मी लहानपणी दोनदा उघडलेलं पाहिलं आणि तिसऱ्या वेळी वडिलांच्या देखरेखीखाली स्वतः बांधलं. पुढे मित्रांच्या, शेजाऱ्यांच्या गाड्या हाताखालून गेल्या. मला येणारे फोन बहुतेक रविवारी संध्याकाळचे असतात: इंजिन बांधून बसवलं, सेल्फ मारला, आणि गाडी स्टार्टच घेत नाही. त्या फोनवर जे बोलणं होतं तेच इथे लिहून ठेवतो. उदाहरणं मुख्यतः कार्बोरेटरच्या पेट्रोल गाड्यांची आहेत. एमपीएफआय गाड्यांबद्दल, म्हणजे कार्बोरेटरऐवजी कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल फवारणाऱ्या गाड्यांबद्दल, पुढे वेगळं लिहिलं आहे.

पिस्टन, रिंगा, बेअरिंग सगळं नवीन टाकलंय. मग इंजिन उठत का नाही?

चालती गाडी एखाद्या सकाळी बंद पडते तेव्हा काहीतरी झिजलेलं किंवा तुटलेलं असतं. बांधलेल्या इंजिनाचं तसं नसतं. तिथे काहीतरी उलटं बसलेलं असतं, एखादा दात पुढेमागे झालेला असतो, किंवा एखादी वस्तू लावायचीच राहिलेली असते. हा फरक ध्यानात घेतला की अर्धं काम हलकं होतं. गाडी गॅरेजला आली तेव्हा चालत आली होती ना? मग ज्या ज्या जागी हात लागला, तिथेच दोष शोधायचा. वही घ्या आणि काय काय सोडवलं होतं ते आठवून लिहा: डिस्ट्रिब्युटर (प्लगना पाळीपाळीने करंट वाटणारा), प्लगच्या वायरी, टायमिंग चेन, टॅपेट, कार्बोरेटर, पेट्रोलचा पाइप, अर्थची पट्टी. दोष जवळजवळ नेहमी याच यादीत सापडतो.

इंजिनाला चार गोष्टी लागतात: पेट्रोल, करंट, कम्प्रेशन (सिलिंडरमध्ये दाब धरणं) आणि वेळ (ठिणगी आणि व्हॉल्व्ह नेमक्या क्षणी). पहिल्या तीन सगळ्यांना पाठ असतात. बांधलेल्या इंजिनात मात्र सगळ्यात जास्त चुकते ती चौथी.

आणखी एक. नवीन भाग म्हणजे चांगला भाग, असं धरून चालू नका. नवा कंडेन्सर पहिल्याच दिवशी मेलेला निघतो, नव्या रोटरला (डिस्ट्रिब्युटरच्या कॅपखाली फिरणारा तुकडा) केसाएवढी चीर असते. जुना कंडेन्सर, रोटर, पॉइंट, कॉइल फेकू नका. इंजिन एकदा नीट चालेपर्यंत ते डब्यात जपून ठेवा. जुना चालता भाग लावून बघणं ही सगळ्यात स्वस्त परीक्षा आहे.

सेल्फ मारत राहिलो तर कधीतरी पकडेल ना?

नाही, आणि ही गोष्ट मी प्रत्येकाला हात जोडून सांगतो. जुन्या इंजिनावर पाच मिनिटं सेल्फ मारला तर फार तर बॅटरी उतरते. नव्याने बांधलेल्या इंजिनावर तेच केलं तर नुकतेच खर्च केलेले पैसे झिजायला लागतात.

पद्मिनी, अॅम्बॅसिडर यांसारख्या पुशरॉडच्या इंजिनात कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये असतो. कॅमच्या उंचवट्यांना आणि त्यावरच्या टॅपेटना (कॅमचा धक्का पुशरॉडला देणारे तुकडे) मुख्यतः क्रँकच्या फेकलेल्या ऑइलवर जगावं लागतं. सेल्फच्या मंद गतीला ते ऑइल वर उडत नाही. बांधताना चोळलेलं वंगण तेवढ्यात पुसलं जातं आणि धातूवर धातू घासतो. दुसरं म्हणजे न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं. मग रिंगा कोरड्या फिरतात, कम्प्रेशन उतरतं आणि इंजिन उठण्याची शक्यता आणखी कमी होते. तेच पेट्रोल खाली झिरपून चेंबरमधलं, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यातलं, ऑइल पातळ करतं. डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर ऑइल बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका.

एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ नको, मध्ये किमान अर्धा मिनिट थांबा. तीन वेळा झालं, पकडलं नाही, की चावी काढून खिशात ठेवा आणि तपासायला बसा.

सेल्फ फारच जड फिरतो. नवीन रिंगांमुळे असं होतं का?

थोडं जड जाणारच. पण "नवीन इंजिन आहे, टाइट असणार" या वाक्याखाली फार चुका झाकल्या जातात. पहिल्यांदा बॅटरी बघा: आराम केलेल्या भरलेल्या बॅटरीला १२.६ व्होल्ट यायला हवेत, आणि सेल्फ फिरताना ते साधारण ९.६ च्या खाली जाता कामा नयेत.

बॅटरी ठीक असेल तर इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थची पट्टी बघा. इंजिन उतरवताना ती सोडवलेली असते आणि परत लावायची हमखास राहते. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असल्यामुळे बॉडीशी त्याचा दुसरा पक्का विद्युत संबंध नसतो. मग सेल्फचा प्रचंड करंट मिळेल त्या वाटेने जातो, चोकच्या किंवा अॅक्सिलरेटरच्या वायरमधूनसुद्धा. सेल्फ मारल्यावर चोकची वायर हाताला गरम लागली किंवा तिच्यातून धूर आला, तर अर्थ नाही हे नक्की. काही वेळा पट्टी लावलेली असते, पण ब्लॉकला छान रंग मारलेला असतो आणि पट्टी रंगावर बसलेली असते. रंग खरवडून चकचकीत लोखंडावर बसवा.

मल्टिमीटर असेल तर एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर, दुसरं ब्लॉकच्या उघड्या धातूवर ठेवा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अर्थचा जोड कच्चा आहे.

इंजिन हातानेही फिरत नाही. काय करू?

सेल्फला हात लावू नका. चारही प्लग काढा आणि क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून फिरवून बघा. प्लग काढल्यावर सहज फिरलं आणि एखाद्या भोकातून पाणी, पेट्रोल किंवा ऑइल उडालं, तर सिलिंडरमध्ये द्रव साचला होता. द्रव दाबला जात नाही. जोर केला असता तर कनेक्टिंग रॉड वाकला असता.

प्लग काढूनही फिरत नसेल तर केव्हापासून फिरत नाही ते आठवा. बांधणाऱ्याने प्रत्येक टप्प्यावर क्रँक हाताने फिरवून बघायचा असतो, तो याच कारणासाठी. मेन बेअरिंगच्या कॅप आवळल्यावर अडकलं असेल तर कॅपची अदलाबदल झाली आहे, एखादी उलटी बसली आहे किंवा बेअरिंगचं माप चुकलं आहे. हेड आवळल्यावर अडकलं असेल आणि प्रत्येक फेरीत एकाच जागी ठक्क करून थांबत असेल, तर पिस्टन व्हॉल्व्हला लागतो आहे, म्हणजे व्हॉल्व्ह टायमिंग (व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ) चुकलं. दोन्ही बाबतींत इंजिन परत उघडावं लागेल. वाईट वाटतं, पण तिथे दुसरा रस्ता नाही.

प्लगला करंट येतो की नाही, हे नक्की कसं कळेल?

प्लग काढा, वायर लावा, प्लगचा धातूचा भाग ब्लॉकला टेकवा आणि सेल्फ मारा. निळसर, कडकडीत ठिणगी हवी. पिवळी, मरगळलेली ठिणगी बाहेर दिसली तरी आत दाबाखाली ती उडेलच असं नाही. हे करताना प्लगच्या भोकांजवळ पेट्रोलची वाफ असते, म्हणून प्लग भोकापासून लांब टेकवा आणि वायर उघड्या हाताने धरू नका.

ठिणगी अजिबात नसेल तर डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडा. रोटर जागेवर आहे का बघा. रोटर लावायचाच राहिला, असं मी दोनदा पाहिलं आहे. मग पॉइंट बघा, म्हणजे आतली उघडमीट करून कॉइलकडून ठिणगी काढणारी जोडी. पॉइंटच्या खिळ्यावर प्लास्टिकचे बारीक वॉशर असतात. ते चुकीच्या क्रमाने बसले तर पॉइंटची वायर कायमची अर्थ होते आणि कॉइल कधीच ठिणगी देत नाही. बाहेरून सगळं नवंकोरं दिसतं, म्हणून हा दोष माणसाला दिवसभर फिरवतो. पॉइंटचं अंतर साधारण ०.४ ते ०.५ मिमी ठेवा. फिलर गेज नसेल तर जाडसर व्हिजिटिंग कार्डावर तेवढ्यापुरतं भागतं. नव्या पॉइंटच्या तोंडावर कधीकधी गंज लागू नये म्हणून तेलाचा थर असतो. तो पुसल्याशिवाय करंट जात नाही.

करंट चांगला आहे, पेट्रोल येतंय, पण कार्बोरेटरमधून फट्‌फट्‌ उडतं आणि गाडी उठत नाही.

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, म्हणून याचं उत्तर सावकाश वाचा.

पिस्टन एका कामाच्या चक्रात दोनदा टॉपला, म्हणजे अगदी वर येतो. एकदा कम्प्रेशन पूर्ण करून, तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात आणि ठिणगी हवी असते. दुसऱ्यांदा जळलेला धूर बाहेर ढकलून, तेव्हा एक्झॉस्ट मिटत असतो, इनटेक उघडत असतो आणि ठिणगीचा काही उपयोग नसतो. क्रँक पुलीवरची खूण मात्र दोन्ही वेळा जुळते. बांधणारा खूण बघतो, "एक नंबर टॉपला आला" म्हणतो आणि डिस्ट्रिब्युटर, ज्याला बरेच मिस्त्री डेल्को म्हणतात, त्याचा रोटर एक नंबरच्या वायरीसमोर ठेवून बसवतो. तो दुसरा टॉप असला तर ठिणगी नेमकी एक फेरी चुकते. इनटेक उघडा असताना ठिणगी पडते आणि आग कार्बोरेटरमधून वर येते.

कुठला टॉप आहे हे ओळखायला दोन उपाय आहेत. पहिला उपाय अंगठ्याचा. सगळे प्लग काढा, एक नंबरच्या भोकावर अंगठा दाबून ठेवा आणि दुसऱ्याला पुली पान्याने फिरवायला सांगा. हवा अंगठ्याला बाहेर ढकलू लागली की कम्प्रेशन सुरू झालं. त्यानंतर जी खूण जुळेल तो खरा टॉप. दुसरा उपाय टॅपेट कव्हर काढून. चार सिलिंडरच्या इंजिनात एक आणि चार नंबरचे पिस्टन जोडीने वरखाली होतात. खूण जुळवा आणि चार नंबरचे रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) बघा. पुली जरा मागेपुढे केल्यावर चारचे दोन्ही रॉकर आळीपाळीने हलत असतील, तर चार नंबरचा धूर बाहेर पडतो आहे आणि एक नंबर कम्प्रेशनवर आहे. एकचेच रॉकर हलत असतील तर तुम्ही चुकीच्या टॉपवर आहात. मारुती ८०० चं इंजिन तीन सिलिंडरचं, तिथे असा जोडीदार नसतो. अंगठ्याचा उपाय करा किंवा कॅमच्या पुलीवरची खूण बघा.

चूक सापडली तर चार सिलिंडरच्या गाडीत डिस्ट्रिब्युटर उचलायचीही गरज नसते. कॅपवरची प्रत्येक वायर समोरासमोरच्या जागी न्या, म्हणजे एकची चारच्या जागी, चारची एकच्या, दोनची तीनच्या, तीनची दोनच्या. मी स्वतः बांधलेल्या पहिल्या इंजिनावर आम्ही बापलेकांनी पूर्ण दुपार कार्बोरेटर उघडण्यात घालवली होती. शेवटी वडिलांनी टॅपेट कव्हर काढून चार नंबरकडे बोट दाखवलं. वायरी बदलल्या आणि पहिल्या सेल्फला इंजिन उठलं. तेव्हापासून कार्बोरेटरला दोष देण्याआधी मी टॉप तपासतो.

टॉप बरोबर असूनही फटफट थांबत नसेल तर इनटेकचा टॅपेट फार टाइट आहे का (रॉकर आणि व्हॉल्व्हमध्ये फट उरली नाही का) ते बघा आणि टायमिंग चेनच्या खुणा पुन्हा तपासा. चेन एक दात चुकली तर इंजिन रडतखडत उठतं. दोन-तीन दात चुकली तर बहुतेक उठतच नाही.

फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२ बरोबर लावली आहे, तरी तोच प्रकार.

रोटर कुठल्या दिशेला फिरतो ते बघितलं का? कॅप काढा, सेल्फचा छोटा झटका द्या आणि दिशा डोळ्यांनी बघा. क्रम बरोबर असून उलट्या दिशेने लावला, तर एक आणि चार जागेवर राहतात, दोन आणि तीनची अदलाबदल होते. अशी गाडी दोन सिलिंडरवर थरथरते आणि पकडत नाही. पद्मिनी आणि अॅम्बॅसिडर दोन्हींची ऑर्डर १-३-४-२, मारुती ८०० ची १-३-२.

गाडी सुरूच नसेल तर टायमिंग कसं लावायचं?

बारा व्होल्टचा छोटा बल्ब आणि दोन वायरी पुरतात. एक नंबर कम्प्रेशनच्या टॉपजवळ, पुलीवर टायमिंगची खूण जिथे सांगितली असेल तिथे आणा. बल्बचं एक टोक कॉइलच्या पॉइंटकडे जाणाऱ्या टोकाला, दुसरं अर्थला. इग्निशन ऑन करा. पॉइंट बंद असतील तर बल्ब विझलेला राहील. डिस्ट्रिब्युटर रोटरच्या फिरण्याच्या उलट दिशेला अगदी सावकाश फिरवा. बल्ब पेटला तो क्षण म्हणजे पॉइंट उघडले, ठिणगी पडली. तिथेच आवळा. गाडी सुरू व्हायला एवढं टायमिंग पुरतं, बारीक दुरुस्ती नंतर टायमिंग लाइटने.

सेल्फ फिरता फिरता मध्येच अडखळून उलटा झटका देत असेल तर टायमिंग फार पुढे आहे. सेल्फ मोकळा फिरतो, पण सायलेन्सरमधून ठो आवाज येतो, तर फार मागे.

टॅपेटचं अंतर किती ठेवायचं?

तुमच्या गाडीच्या पुस्तकात असेल तेवढंच, थंड इंजिनावर. "आवाज नको" म्हणून टॅपेट टाइट ठेवण्याची सवय बांधलेल्या इंजिनाला महाग पडते, कारण हेड आवळल्यावर, व्हॉल्व्ह घासून सीटमध्ये खाली गेल्यावर माप बदलतं. टाइट टॅपेटचा व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, कम्प्रेशन राहत नाही. थोडा आवाज चालेल, उघडा व्हॉल्व्ह चालणार नाही.

कम्प्रेशन कमी दाखवतंय. रिंगा अजून बसल्या नाहीत म्हणून असेल का?

नव्या रिंगा बसायला काही शे किलोमीटर लागतात, हे खरं. पण न बसलेल्या रिंगांवरही इंजिन उठलंच पाहिजे.

मोजताना सगळे प्लग काढा, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि प्रत्येक सिलिंडरला चार-पाच धक्के मिळू द्या. अॅक्सिलरेटर न दाबता मोजलेला आकडा निरुपयोगी असतो. १०० पीएसआयच्या खाली असेल तर थंड इंजिन पकडणं कठीण जातं. एकूण आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे सिलिंडरांमधला फरक. मग एक चमचा इंजिन ऑइल प्लगच्या भोकातून टाका आणि पुन्हा मोजा. आकडा चढला तर दोष रिंगा आणि भिंतीकडे आहे. बहुतेकदा पेट्रोलने भिंत धुतलेली असते आणि त्या चमचाभर ऑइलनेच गाडी उठते. आकडा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचा आकडा एकदम खाली असेल तर त्या दोघांमध्ये गॅस्केट फुटलं आहे किंवा नीट बसलेलं नाही.

चारही सिलिंडर सारखेच कमी, आणि ऑइलनेही फरक नाही? व्हॉल्व्ह टायमिंग बघा. चार सिलिंडर एकाच दिवशी सारखे वाईट होत नाहीत.

पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत पोचतच नाही.

एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या तोंडात बघा आणि हाताने अॅक्सिलरेटर ओढा. पेट्रोलची बारीक धार उडाली पाहिजे. सेल्फ चालू असताना चेहरा तिथे कधीही नेऊ नका. चुकलेल्या टायमिंगने वर येणारी आग भुवया जाळून जाते. शेजारी पावडरचं अग्निशामक नळकांडं ठेवा.

धार नसेल तर एसी पंपाचा (इंजिनाला लावलेल्या, कॅमवर चालणाऱ्या पेट्रोल पंपाचा) पाइप सोडवून बाटलीत धरा आणि सेल्फ मारा. पंप परत बसवताना दोन चुका होतात. पंपाचा दांडा कॅमच्या चुकीच्या बाजूला जातो, किंवा पंप आणि ब्लॉकमधल्या पॅकिंगची जाडी बदलते. जाड पॅकिंग घातलं की दांड्याची हालचाल कमी होते आणि पंप ओढत नाही. जुनं पॅकिंग होतं तेवढ्याच जाडीचं घाला.

गाडी काही महिने गॅरेजमध्ये उघडी पडली असेल तर टाकीतलं पेट्रोल आधी काढून टाका. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि मुंबईच्या हवेत पाण्याला तोटा नाही. पाणी पुरेसं झालं की ते इथेनॉलला घेऊन टाकीच्या तळाशी बसतं आणि पाइप नेमका तळातूनच ओढतो. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि पंपाचा पडदा या पेट्रोलने फुगतात, मऊ होतात. इंजिन बांधायला हजारो रुपये घातले असतील तर दोन फूट नवा, इथेनॉल चालणारा पाइप घालण्यात कंजुषी करू नका.

गाडीला सीएनजी किट आहे. गॅसवर स्टार्ट करून बघू का?

पहिला स्टार्ट पेट्रोलवरच. कार्बोरेटरच्या सीएनजी गाडीत पेट्रोलच्या पाइपवर विजेवर चालणारा एक व्हॉल्व्ह असतो. इंजिन बसवताना त्याची वायर जोडायची राहिली तर पेट्रोल तिथेच अडतं आणि माणूस पंप बदलत बसतो.

प्लग काढले तर ओले. आता?

प्लग पुसून वाळवा, चोकची मूठ पूर्ण आत ढकला, म्हणजे चोक लागलेला नको, प्लगशिवाय पाच सेकंद सेल्फ मारून सिलिंडर मोकळे करा. प्रत्येक भोकात चमचाभर ऑइल, मग प्लग लावून अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ. पुन्हा ओलेच झाले तर कार्बोरेटरमध्ये पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई अडकली आहे.

पावसाळ्यात इंजिन बांधलं. वर कव्हर होतं, तरी करंट कमी वाटतो.

जून ते सप्टेंबर आपल्याकडे कव्हरच्या आतही दव धरतं, किंबहुना प्लास्टिकच्या कव्हरखाली जास्तच. डिस्ट्रिब्युटरच्या कॅपच्या आत बोट फिरवा. ओलसर लागलं तर सुक्या फडक्याने पुसा आणि हेअर ड्रायर फिरवा. अंधार पडल्यावर बॉनेट उघडून सेल्फ मारायला लावा: वायरींवर निळ्या ठिणग्या नाचताना दिसल्या तर करंट प्लगपर्यंत पोचायच्या आधीच पळतो आहे. वायरी बदला.

पाण्यात अडकलेल्या गाडीचं इंजिन बांधलं. एक सिलिंडर साथ देत नाही.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस पडला. त्यानंतर शहरातल्या गॅरेजांत अशा गाड्यांच्या रांगा होत्या. चालत्या इंजिनाने पाणी ओढलं की रॉड वाकतो, कधी इतका थोडा की डोळ्याला दिसत नाही. मग पिस्टन टॉपला पूर्ण पोचत नाही आणि त्या एकाच सिलिंडरचं कम्प्रेशन कमी राहतं. हेड उतरवून चारही पिस्टन टॉपला किती वर येतात ते मोजा. एक जरी खाली राहिला तर तो रॉड बदला. सरळ करून घेऊ नका.

माझी गाडी एमपीएफआय आहे. हे सगळं तिला लागू आहे का?

कम्प्रेशन, टायमिंग बेल्ट आणि अर्थ, हे तीन जसेच्या तसे. बाकी वेगळं. चावी ऑन केल्यावर मागून पंपाचा दोन सेकंद घूंऽऽ आवाज यायला हवा. मीटरवरचा इमोबिलायझरचा दिवा विझतो का बघा. लुकलुकत राहिला तर गाडीने चावी ओळखलेली नाही आणि इंजिनात दोष शोधून उपयोग नाही. नंतर क्रँक सेन्सर: त्याचा प्लग बसला आहे का, सेन्सर आणि दातांच्या चाकातलं अंतर बरोबर आहे का. सारख्या दिसणाऱ्या दोन सेन्सरच्या वायरी एकमेकांत बदलणं ही नेहमीची चूक. ईसीयूच्या (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या) अर्थच्या वायरी बऱ्याच गाड्यांत इनटेक मॅनिफोल्डवर बोल्टने असतात. मॅनिफोल्ड बसवताना त्या लोंबकळत राहतात. स्कॅनर लावून सेल्फ मारताना आरपीएम दिसतो का ते बघा. शून्य दाखवत असेल तर ईसीयूला क्रँक फिरताना दिसतच नाही आणि तो ठिणगीही देणार नाही.

धक्का मारून स्टार्ट करू का? सोसायटीतली मुलं तयार आहेत.

टायमिंगची खात्री होईपर्यंत नको. सेल्फपेक्षा धक्क्याने इंजिनावर जास्त जोर येतो. एखादा व्हॉल्व्ह पिस्टनला लागत असेल तर सेल्फ थांबेल, दहा जणांनी ढकललेली गाडी थांबणार नाही. एमपीएफआय गाडीत न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं, तेही नुकसान मोठं.

मिस्त्री म्हणतो, "चालवा, आपोआप मोकळी होईल."

सुरू झालेल्या इंजिनाबद्दल म्हणत असेल तर एक वेळ ऐका. न उठणारं इंजिन आपोआप काहीच होत नाही. भांडू नका. त्याच्यासमोर प्लग काढा, कम्प्रेशन मोजा आणि चारही आकडे कागदावर लिहा. आकडे समोर आले की बोलणं बदलतं. बोअर करणाऱ्या लेथवाल्याकडून बोअरची आणि पिस्टनची मापं लिहून घ्या, पुढे वाद झालाच तर तो कागद कामी येतो. आणि ज्याने काम केलं त्याला एकदा दुरुस्त करायची संधी द्या. चांगल्या हातांकडूनही चूक होते.

सुटे भाग कुठे शोधू?

नव्यासाठी ऑपेरा हाउस, जुन्या चालत्या भागांसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड. जुना भाग सोबत न्या आणि दुकानातच शेजारी ठेवून जुळवा. पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावर नाहीत, त्यामुळे तिच्या भागांची उलाढाल कमी झाली आहे. चांगला डिस्ट्रिब्युटर दिसला तर गरज नसली तरी घेऊन ठेवा.

ब्लॉकच बदलला आहे. कागदपत्रांचं काय?

इंजिन नंबर बदलला म्हणजे आरसी बुकात नोंद करावी लागते. तुमच्या आरटीओत, ताडदेव, अंधेरी, वडाळा किंवा बोरिवली, जाऊन आधी परवानगी घ्या. ब्लॉकच्या खरेदीची पावती जपून ठेवा.

उठलं! आता लगेच बंद करू का?

अजिबात नको. पुशरॉडचं इंजिन असेल आणि कॅम-टॅपेट नवीन असतील तर ते मंद आयडलवर ठेवू नका. लगेच दोन हजार आरपीएमच्या आसपास न्या आणि वीस मिनिटं थोडं वरखाली करत तिथेच ठेवा. याच वेळात कॅम आणि टॅपेट एकमेकांना बसतात. पहिल्या काही सेकंदांत ऑइलचा दिवा विझलाच पाहिजे. विझला नाही तर मात्र त्याच क्षणी बंद करा. म्हणूनच पहिल्या स्टार्टआधी प्लग काढून, इग्निशनची वायर सोडवून, दिवा विझेपर्यंत थोडा थोडा सेल्फ मारून घ्यायचा असतो.

निळसर पांढरा धूर येईल, बांधताना लावलेलं ऑइल जळतं. दहा-पंधरा मिनिटांत कमी झाला तर काळजी नाही. एक माणूस तापमानाच्या काट्यावर नजर ठेवून बसवा, दुसरा टॉर्चने खाली गळती बघेल. रेडिएटरमध्ये हवा अडकलेली असते, पाणी एकदम खाली जातं, ते भरत राहा. गळती दिसली किंवा काटा वर चढला तर बंद करून दुरुस्त करा, मग उरलेली मिनिटं पूर्ण करा.

मग बंद करून पूर्ण थंड होऊ द्या, रात्रभर. सकाळी, पुस्तकात सांगितलं असेल तर, हेडचे बोल्ट ठरलेल्या क्रमाने आणि ठरलेल्या जोराने पुन्हा आवळा, टॅपेट पुन्हा मोजा. पाचशे किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदला, आणि काढलेलं ऑइल पांढऱ्या कागदावर ओतून बघा. बारीक करडी चकाकी दिसेल, ती रिंगांची. नखाने उचलता येईल असा तुकडा दिसला तर गाडी तिथेच थांबवा आणि चेंबर उतरवा.